हॅसलब्लाड ५००सी/एमसाठी १५० आणि ५० मिमी: जुन्या सी लेन्स घ्याव्यात की नंतरच्या सीएफ?

चौरसचौकट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे हॅसलब्लाड ५००सी/एम हा मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरा आणि त्यासोबत आलेली ८० मिमी एफ/२.८ प्लॅनार ही एकच लेन्स आहे. ती जुन्या सी मालिकेतली आहे, म्हणजे चंदेरी नळीची आणि लाल टी-स्टारचे (लेन्स बनवणाऱ्या झाइसच्या बहुस्तरीय कोटिंगचे) चिन्ह नसलेली. दोन वर्षे तिने मला एकदाही दगा दिलेला नाही. आता व्यक्तिचित्रांसाठी १५० मिमी एफ/४ झोनार आणि वास्तू व निसर्गचित्रांसाठी ५० मिमी एफ/४ डिस्टागॉन अशा दोन लेन्स घ्यायचे ठरवले आहे, आणि इथेच गाडी अडली आहे.

दोन्ही लेन्स सी मालिकेत मिळतात आणि १९८२ पासून आलेल्या सीएफ मालिकेतही. किमतीत बराच फरक आहे. काही जण सांगतात की काच तीच आहे, उगाच पैसे घालवू नका. तर काही जण सांगतात की जुन्या लेन्स आता संग्रहात ठेवण्याच्या लायकीच्या उरल्या आहेत, कामाच्या नाहीत. माझा कल असा आहे की तिन्ही लेन्स एकाच पिढीतल्या असाव्यात, म्हणजे रंगछटा आणि कॉन्ट्रास्ट एकमेकांशी जुळतील. त्यासाठी गरज पडल्यास ८० सुद्धा बदलण्याची माझी तयारी आहे. माझे बहुतेक काम कृष्णधवल फिल्मवर असते, अधूनमधून रंगीत स्लाइड फिल्म वापरतो, आणि पुढेमागे डिजिटल बॅक (फिल्मच्या जागी मागे बसणारा डिजिटल संवेदक) घेण्याचाही विचार आहे. ज्यांनी दोन्ही पिढ्या प्रत्यक्ष वापरल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिपाई

मी दोन्ही मालिका वापरल्या आहेत आणि माझे उत्तर सरळ सीएफ असे आहे. मात्र त्याचे कारण काचेत नसून शटरमध्ये आहे.

या कॅमेऱ्यात शटर बॉडीत नसते, प्रत्येक लेन्समध्ये तिचे स्वतःचे पात्यांचे शटर असते, हे तुम्ही जाणताच. त्यामुळे १५० घेताना तुम्ही केवळ भिंगे विकत घेत नाही, तर त्यासोबत एक जुने, घड्याळासारखे दातेरी चाकांचे यंत्र विकत घेता. सी मालिकेत सिंक्रो-कॉम्पूर शटर आहे आणि सीएफपासून प्रॉन्टर शटर आले. सिंक्रो-कॉम्पूरचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. मुख्य स्प्रिंग तुटली, तर दुरुस्ती करणारा दुसऱ्या एखाद्या मृत लेन्समधून भाग काढून बसवतो. प्रॉन्टरची स्थिती त्यामानाने बरी आहे.

दुसरी बाब हाताळणीची. सी लेन्सवर शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर ही दोन्ही कडी एकमेकांना जखडलेली असतात आणि त्यांना वेगळे फिरवायचे असेल, तर दर वेळी खटका दाबून धरावा लागतो. सीएफवर याच्या उलट आहे: कडी मोकळी असतात आणि हवी असतील तेव्हाच बटण दाबून जोडता येतात. घाईच्या वेळी हा फरक फार जाणवतो. शिवाय ८० आणि १५० या सी लेन्सना बे-५० मापाचे फिल्टर लागतात, तर सीएफला बे-६०. दोन पिढ्यांची सरमिसळ केली की फिल्टर आणि हूड (बाजूचा प्रकाश अडवणारी लेन्सची झडप) यांचेही दोन संच बाळगावे लागतात. त्यामुळे सगळ्या लेन्स एका पिढीच्या ठेवण्याची तुमची कल्पना योग्यच आहे, फक्त ती पिढी सीएफ असावी.

अंधारखोली

तिपाई यांचा अनुभव मोठा आहे, हे मान्य करूनही इथे असहमती नोंदवतो.

८० आणि १५० या दोन लेन्सची प्रकाशीय रचना सीमधून सीएफमध्ये जाताना मुळातून बदललेली नाही. नळी बदलली, शटर बदलले, कोटिंग (भिंगावरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर) बदलले. माझी १५० सी एकस्तरीय कोटिंगची आहे. तिच्यावर काढलेल्या निगेटिव्हवरून मी मोठे प्रिंट केले आहेत आणि लेन्स कोणत्या पिढीची आहे, हे प्रिंट पाहून आजवर कोणालाही ओळखता आलेले नाही. मलाही येत नाही, कारण कोणती निगेटिव्ह कोणत्या लेन्सची याची नोंद ठेवण्याचा मला कंटाळा आहे.

उलट कृष्णधवल कामात जुन्या कोटिंगचा एक फायदाही होतो. लेन्सच्या आत भरकटलेला थोडा प्रकाश संपूर्ण चित्रावर पातळ पडद्यासारखा पसरतो आणि सावल्यांच्या भागाला थोडे अधिक एक्सपोजर मिळते. कडक उन्हात निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट त्यामुळे काहीसा आटोक्यात राहतो आणि प्रिंट करताना सावल्या सांभाळणे सोपे जाते. स्लाइड फिल्मवर मात्र हाच पडदा काळ्या रंगाला राखाडी करतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शटरविषयी इतकेच सांगेन की नीट साफसफाई व वंगण करून घेतलेले कॉम्पूर शटर अनेक वर्षे चालते, आणि दुर्लक्षित पडून राहिलेले प्रॉन्टर शटरही अडकतेच.

परावर्तन

चर्चा ‘जुनी’ आणि ‘नवी’ अशा दोन गटांत चालली आहे. परंतु कोटिंगचा फायदा सर्व लेन्सना सारखा होत नाही, हा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. मला तो निर्णायक वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काच आणि हवा जिथे भेटतात, त्या प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परत फिरतो. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेवर हे प्रमाण सुमारे ४ टक्के असते, एकस्तरीय कोटिंगने ते साधारण दीड टक्क्यापर्यंत येते आणि चांगल्या बहुस्तरीय कोटिंगने अर्ध्या टक्क्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली जाते. झाइसने अलेक्झांडर स्माकुला यांच्या कोटिंगचे पेटंट १९३५ मध्ये घेतले. टी-स्टार हे बहुस्तरीय कोटिंग हॅसलब्लाडच्या लेन्सवर आले ते सत्तरच्या दशकात, म्हणजे सी मालिका अजून चालू असतानाच. त्यामुळे ‘सी म्हणजे एकस्तरीय’ हे समीकरण चुकीचे आहे. लाल टी-स्टार असलेल्या काळ्या नळीच्या सी लेन्सही असतात, आणि या धाग्यात त्यांचा कोणी उल्लेखही केलेला नाही.

आता पृष्ठभाग मोजू. एकमेकांना चिकटवलेली भिंगे मिळून एक गट होतो आणि प्रत्येक गटाच्या दोनच बाजू हवेला लागतात. १५० झोनारमध्ये पाच भिंगे तीन गटांत आहेत, म्हणजे हवेला लागलेले पृष्ठभाग केवळ सहा. ८० प्लॅनारमध्ये सात भिंगे पाच गटांत, म्हणजे पृष्ठभाग दहा. सी मालिकेतल्या ५० डिस्टागॉनमध्ये सात भिंगे सहा गटांत, म्हणजे पृष्ठभाग बारा. प्रत्येक पृष्ठभागावर दीड टक्का तोटा धरला, तर १५० मधून सुमारे ९१ टक्के प्रकाश पार होतो, ८० मधून ८६ आणि ५० मधून ८३. हाच तोटा अर्धा टक्का धरला, तर आकडे अनुक्रमे ९७, ९५ आणि ९४ होतात. काचेत शोषला जाणारा प्रकाश यात धरलेला नाही.

एक्सपोजरच्या दृष्टीने हा फरक किरकोळ आहे. प्रश्न असा आहे की जो प्रकाश पार झाला नाही, तो कुठे गेला. त्यातला काही समोरून बाहेर पडतो, आणि काही दोन पृष्ठभागांमध्ये आपटत शेवटी फिल्मवर पोहोचतो, पण भलत्याच ठिकाणी. अशा आपटण्यासाठी पृष्ठभागांची एक जोडी लागते. सहा पृष्ठभागांमध्ये अशा १५ जोड्या होतात, तर बारांमध्ये ६६. शिवाय ५० मिमीच्या लेन्सच्या दृष्टिक्षेपात आकाश, खिडकी किंवा दिवा येण्याची शक्यता १५० पेक्षा कितीतरी अधिक असते, आणि तिला खोल हूडही लावता येत नाही, कारण तो कोपऱ्यांत दिसू लागतो.

म्हणून माझे मत असे की हा एक प्रश्न नसून दोन आहेत. १५० जुनी घेतली, तर जवळजवळ काहीच गमवावे लागत नाही. ५० च्या बाबतीत टी-स्टार तरी हवेच, आणि शक्य असल्यास त्याच्याही पुढे जावे.

चौरसचौकट (धागाकर्ता)

परावर्तन यांच्या प्रतिसादाने माझ्या मनातला ‘सगळ्या एकाच पिढीच्या’ हा हट्ट डळमळीत झाला आहे. ‘त्याच्याही पुढे’ म्हणजे नेमके काय, हे कृपया स्पष्ट करावे. तसेच रंगछटेच्या फरकाविषयीही कोणी लिहावे, कारण स्लाइड फिल्मवर तो दिसेल अशी मला धास्ती आहे.

परावर्तन

‘पुढे’ म्हणजे ५० ची सीएफ एफएलई ही आवृत्ती. इथे मात्र काच खरोखरच बदललेली आहे. वाइड लेन्स दूरच्या अंतरासाठी दुरुस्त केलेली असेल, तर जवळच्या विषयावर तिचे कोपरे ढासळतात. एफएलईमध्ये भिंगांचा एक गट स्वतंत्रपणे सरकवता येतो आणि त्यामुळे जवळच्या अंतरावरही कोपरे नीट राहतात. त्यासाठी रचना बदलावी लागली. भिंगे सातावरून नऊ झाली आणि गट आठ, म्हणजे पृष्ठभाग सोळा. बहुस्तरीय कोटिंगशिवाय अशी लेन्स बनवणे शहाणपणाचे ठरले नसते. पूर्वी सहासात भिंगांत काम भागवण्याची जी काटकसर दिसते, तिच्यामागे हेच एक कारण होते. कोटिंग सुधारल्यामुळे केवळ फ्लेअर (भरकटलेल्या प्रकाशाने येणारे धुके व डाग) कमी झाला असे नाही, तर रचनाकाराला अधिक भिंगे वापरण्याची मोकळीक मिळाली.

रंगछटेचे म्हणाल, तर एकस्तरीय आणि बहुस्तरीय लेन्सनी एकाच प्रकाशात काढलेल्या स्लाइड लाइटबॉक्सवर शेजारीशेजारी ठेवल्या, तर किंचित फरक दिसतो. वेगवेगळ्या पाहिल्या, तर मला तो ओळखता येत नाही. ढग सूर्यावर आला-गेला तरी रंग याहून अधिक बदलतो.

भाता

मी मामिया आरबी६७ वापरतो. माझा मुद्दा थोडा बाजूचा आहे, तरी इथे लागू पडेल असे वाटते.

आमच्याकडेही तीन पिढ्या आहेत: सुरुवातीच्या साध्या सेकॉर, मग नावात सी असलेल्या बहुस्तरीय कोटिंगच्या, आणि १९९० मध्ये प्रो-एसडी बॉडीसोबत आलेल्या के/एल. फोकस करण्याचे काम बॉडीच्या भात्यावर होते, लेन्समध्ये आटे नसतात. त्यामुळे जुनी लेन्स घेताना फोकसचे कडे घट्ट झाले आहे का, ग्रीस वाळले आहे का, ही काळजी आम्हाला करावी लागत नाही. तुमच्या जुन्या सी लेन्समध्ये मात्र हा दोष नेहमी आढळतो, आणि १५० वर डोळ्यांवर अचूक फोकस करायचा असताना कडे अडखळत असेल, तर उत्तम कोटिंगचाही काही उपयोग होत नाही.

माझ्याकडच्या सर्वांत जुन्या लेन्सने मला एकदाच फसवले. एक सेकंदाचे शटर जवळजवळ दोन सेकंद उघडे राहत होते आणि मी संपूर्ण संध्याकाळ त्याच वेगावर घालवली. लेन्स विकणाऱ्याने ‘नुकतीच सर्व्हिस केलेली’ असे सांगितले होते, आणि मी त्यावर विश्वास ठेवून घड्याळ लावून पाहण्याचे कष्टही घेतले नाहीत.

तिपाई

भाता यांनी सांगितलेला प्रकार हाच माझा मूळ मुद्दा आहे. कमी वेग दातेरी चाकांच्या यंत्रणेवर चालतात. वंगण वाळले की आधी एक सेकंद, मग अर्धा सेकंद लंगडू लागतात. तपासणी घरीही करता येते. शटरचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून लहरीच्या चित्रात उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या आवाजांमधले अंतर मोजावे. १/१५ पर्यंत हे पुरेसे विश्वसनीय ठरते. १/५०० मोजण्यासाठी प्रकाश-संवेदक लागतो, आणि जुन्या शटरचा तो वेग लिहिल्यापेक्षा मंद निघाला, तर नवल मानू नये. तो नेहमी सारखाच मंद असेल, तर एक्सपोजर तेवढे कमी धरून काम भागवता येते. दर वेळी वेगळा निघत असेल, तर भागवता येत नाही.

शटरइतकेच अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर लक्ष ठेवावे. त्यांच्यावर तेल पसरले असेल, तर शटर उघडण्यापूर्वी पाती पूर्ण आवळली जात नाहीत आणि एफ/१६ वर काढलेले चित्र जास्त एक्सपोज होते. असा दोष शटरच्या नावावर खपतो.

सी लेन्सवरच्या व्ही या खुणेला, म्हणजे सेल्फ-टायमरला, हात लावू नये. ते यंत्र वर्षानुवर्षे कोणी चालवलेले नसते आणि मध्येच अडकले, तर लेन्स आणि बॉडी दोन्ही अडकून बसतात.

सहाबाय

पेंटॅक्स ६७ च्या बाजूने थोडे लिहितो, कारण तिथे गणितच बदलते. त्या कॅमेऱ्यात शटर बॉडीत आहे. एकदोन खास लेन्स सोडल्या, तर लेन्स म्हणजे फक्त भिंगे आणि अ‍ॅपर्चर. त्यामुळे तिपाई यांचा शटरचा युक्तिवाद तिथे गळून पडतो आणि जुनी लेन्स घेणे बरेच निर्धोक होते. त्याची किंमत फ्लॅशच्या वेळी मोजावी लागते, कारण फ्लॅश जुळवण्याचा वेग १/३० इतकाच आहे. तुम्हाला तो १/५०० पर्यंत कोणत्याही वेगावर जुळतो.

तिथे जुन्या काचेचा एक वेगळाच प्रश्न आहे. १०५ मिमी एफ/२.४ च्या सुरुवातीच्या टाकुमार आवृत्त्यांमध्ये थोरियमयुक्त काच वापरलेली आहे. काचेतल्याच किरणोत्सर्गामुळे ती कालांतराने पिवळी, कधी चहाच्या रंगाची होते. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात बरेच दिवस ठेवल्यास पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. कृष्णधवल फिल्मवर ती फिकट पिवळ्या फिल्टरसारखी वागते, ज्याची अनेकांना तक्रार नसते. पण हातातल्या मीटरने प्रकाश मोजणाऱ्याने वाया गेलेला प्रकाश हिशेबात धरला नाही, तर निगेटिव्ह पातळ येतात. म्हणून ‘जुनी’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे लेन्सगणिक तपासावे लागते.

पिक्सेलपारखी

डिजिटल बॅकचा उल्लेख धागाकर्त्यांनी केला आहे आणि त्याकडे अजून कोणी वळलेले नाही.

सध्याच्या शंभर मेगापिक्सेलच्या मीडियम फॉरमॅट संवेदकाचे माप सुमारे ४४ बाय ३३ मिमी आहे आणि एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. तुमची फिल्मची चौकट मात्र ५६ बाय ५६ मिमीची. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम दृष्टिक्षेपाचा. या संवेदकाचा कर्ण सुमारे ५५ मिमी आहे, म्हणजे तुमची ५० मिमी लेन्स तिथे जवळजवळ सामान्य लेन्स ठरते. जी ५० तुम्ही वाइड म्हणून मोठ्या हौसेने घ्याल, ती बॅक लावताच वाइड राहणार नाही. ‘पुढेमागे बॅक घेईन’ या विचाराने आज एफएलईवर जादा पैसे घालणार असाल, तर हे आधी लक्षात घ्यावे.

दुसरा परिणाम तपशिलाचा. मी मिररलेस मीडियम फॉरमॅट बॉडीवर अडॅप्टर लावून या जुन्या लेन्स वापरतो आणि त्याच बॉडीच्या स्वतःच्या नव्या लेन्सही वापरतो. मध्यभागी, एफ/८ वर, जुनी १५० अजिबात लाज आणत नाही. उघड्या अ‍ॅपर्चरवर मात्र फांद्यांच्या कडांना जांभळी-हिरवी झालर दिसते. आडव्या दिशेची रंगफाक सॉफ्टवेअरमध्ये एका खुणेने जाते. फोकसच्या पुढे-मागे दिसणारी रंगछटा तशी जात नाही. एफ/११ च्या पुढे गेलात की विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बिंदूची तबकडी सुमारे १५ मायक्रॉनची होते, म्हणजे चार पिक्सेल व्यापते, आणि मग जुनी-नवी दोन्ही लेन्स एकाच पातळीवर येतात. ज्यांचे सारे काम ट्रायपॉडवर आणि एफ/१६ वर चालते, त्यांनी नव्या लेन्सच्या तीक्ष्णतेसाठी पैसे देणे मला अनाठायी वाटते.

अडॅप्टरवर आणखी एक गोष्ट घडते. जुनी लेन्स ५६ मिमीच्या चौकोनासाठी प्रतिमा टाकते आणि संवेदक लहान असतो. उरलेला प्रकाश अडॅप्टरच्या आतल्या भिंतींवर पडून परत फिरतो. मी आतून काळे मखमली अस्तर लावल्यावर माझ्या ‘जुन्या लेन्सचा फिकेपणा’ बराच कमी झाला. म्हणजे लेन्सला मी उगाच बोल लावत होतो.

नव्या लेन्सच्या बाजूने सांगायचे, तर स्वयंचलित फोकस ही माझ्या दृष्टीने त्यांची खरी ताकद आहे, तीक्ष्णता नव्हे. पण त्यांचे फोकसचे कडे तारेतून मोटरला आज्ञा देते, विकृतीचा काही भाग सॉफ्टवेअर सरळ करते, आणि आतली विद्युत-यंत्रणा निकामी झाली की ती लेन्स हाताने चालवताही येत नाही.

अंधारखोली

फोकसचा मुद्दा निघालाच आहे, तर एक हिशेब मांडतो. १५० मिमी, एफ/४, विषय दोन मीटरवर. फिल्मच्या नेहमीच्या निकषाने, म्हणजे ०.०५ मिमी अस्पष्टता चालवून घेतली, तर एकूण स्पष्ट खोली सुमारे ७ सेंटीमीटर मिळते. डिजिटल बॅकवर शंभर टक्के मोठे करून पाहणारे लोक ०.०१ मिमीच्या पुढे काही खपवून घेत नाहीत. त्यांच्या निकषाने ती दीड सेंटीमीटरही भरत नाही. मिरर किंवा फोकसिंग स्क्रीन केसभर सरकलेली असेल, तर कोणत्याही पिढीची लेन्स धूसरच चित्र देणार. लेन्सवर खर्च करण्यापूर्वी बॉडी आणि मागचे मॅगझिन (फिल्मचा डबा) यांची जुळणी तपासून घ्यावी. ‘ही लेन्स मऊ आहे’ म्हणून परत केल्या जाणाऱ्या लेन्सपैकी काहींचा दोष बॉडीत असतो, असा माझा पक्का संशय आहे.

चौरसचौकट (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी उत्तर देत आहे, कारण या काळात स्वतः एक चाचणी केली.

एका मित्राची ८० सीएफ टी-स्टार उसनी आणली आणि माझ्या जुन्या ८० सीसोबत एकाच ट्रायपॉडवरून, एकाच रोलवर, आलटूनपालटून चित्रे काढली. प्रकाश पाठीमागून येत असताना काढलेल्या चौकटींचे ४० सेंटीमीटरचे प्रिंट मी पालथे ठेवून मिसळले आणि ओळखण्याचा प्रयत्न केला. बारापैकी सहा बरोबर आले, म्हणजे नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. नंतर अंधाऱ्या खोलीतून उजळ खिडकी चौकटीत घेऊन चित्रे काढली. तिथे ओळखण्याचा प्रश्नच उरला नाही. जुन्या लेन्समध्ये खिडकीच्या शेजारची भिंत धुक्यात गेल्यासारखी दिसते आणि चौकटीच्या विरुद्ध कोपऱ्यात पाकळ्यांच्या आकाराचा फिकट डाग येतो. सीएफमध्ये भिंतीवरच्या गिलाव्याची खरखर दिसते. मग सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर ठेवून हूडसह आणि हूडशिवाय अशा दोन्ही प्रकारे पाहिले. हूडशिवाय फरक मोठा होता, हूड लावल्यावर तो जवळजवळ मिटला. दोन वर्षे मी हूड न लावता काम करत होतो, हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखे वाटते.

त्यामुळे निर्णय असा झाला आहे: ८० आहे तीच राहील. १५० साठी एक सी, एकस्तरीय कोटिंगची, तिपाई यांच्या पद्धतीने आवाज मोजून घेतली आहे. तिचा एक सेकंद सव्वा सेकंदाचा निघाला; तिची साफसफाई करून घेतली आणि आता तो ठीक आहे. ५० मात्र सीएफ एफएलई घेणार, कारण माझ्या वास्तुचित्रांत खिडक्या आणि आकाश असणारच. डिजिटल बॅकच्या आशेवर आज काही ठरवायचे नाही, हे पिक्सेलपारखी यांचे म्हणणे पटले. फिल्टरचे दोन संच सांभाळावे लागतील, ते सांभाळेन.

तिपाई

निर्णय माझ्या सल्ल्याच्या अर्धाच जुळता आहे, तरी आक्षेप नाही. ५० घेताना अंधारात लेन्सच्या मागून छोटा टॉर्च धरून आत पाहावे. बारीक धूळ चालते. समान पसरलेले दुधाळ धुके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चालत नाही. भिंगांच्या कडेला इंद्रधनुषी किंवा चंदेरी चंद्रकोर दिसली, तर दोन भिंगांमधला चिकटा सुटू लागला आहे असे समजावे. समोरच्या काचेवरचा एखादा ओरखडा चित्रात दिसत नाही. मागच्या काचेवरचा अधिक त्रास देतो.

तीन लेन्स झाल्या की त्या सतत बदलल्या जातील, म्हणून हेही सांगून ठेवतो: काढताना आणि लावताना लेन्स आणि बॉडी दोन्हींना चावी दिलेली असली पाहिजे. लेन्सच्या मागच्या बाजूची खाच योग्य जागी आहे का, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे.

चौरसचौकट (धागाकर्ता)

५० सीएफ एफएलई आली. टॉर्चच्या तपासणीत स्वच्छ निघाली. पहिला रोल धुतला आणि थोडा खट्टू झालो आहे. खिडक्यांचे काम अपेक्षेप्रमाणे झाले, फ्लेअर नावालाही नाही. परंतु दूरच्या इमारतींच्या चित्रांत चारही कोपरे मऊ आहेत, अगदी एफ/८ वरही. मध्यभाग उत्तम आहे. चारही कोपरे सारखेच मऊ असल्याने एखादे भिंग तिरके बसले असावे असे वाटत नाही. लेन्स परत करावी का?

परावर्तन

परत करण्याची घाई करू नका. लेन्सच्या पुढच्या टोकाला अंतराचे टप्पे दाखवणारे एक वेगळे कडे आहे. सरकता गट त्याने हलतो, आणि तो फोकससोबत आपोआप हलत नाही. आधी हे कडे योग्य टप्प्यावर आणायचे आणि मग फोकस करायचा. आधीच्या मालकाने ते जवळच्या टप्प्यावर ठेवलेले असेल आणि तुम्ही अनंतावर फोकस केला असेल, तर नेमके तुम्ही वर्णन केलेलेच चित्र येते. कडे आत्ता कुठे आहे, ते पाहून सांगाल का?

चौरसचौकट (धागाकर्ता)

सर्वांत जवळच्या टप्प्यावर होते. कडे अनंताच्या टप्प्यावर आणले आहे आणि दुसरा रोल मॅगझिनमध्ये भरला आहे.